बुटाच्या बाई

कुणी दारात आलं की लोक आधी तोंड बघतात. सोनवणे बाई आधी पाय बघायच्या. मी नर्स म्हणून त्यांच्या आरोग्य केंद्रावर हजर झाले तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. माझ्या गुलाबी प्लास्टिकच्या सँडलकडे बघत राहिल्या. नोकरी लागली म्हणून मी त्या खास घेतल्या होत्या, आणि कुणीतरी त्यांचं कौतुक करावं अशी माझी माफक अपेक्षा होती.

"ह्या कशाला घेतल्यास?" बाईंनी विचारलं.

"कशाला म्हणजे? चालायला."

"ह्या चालायच्या न्हाईत. बसायच्या हायत," त्या म्हणाल्या आणि पिशवी खांद्याला अडकवून निघाल्याच. मागं ये म्हणाल्या नाहीत की येऊ नको म्हणाल्या नाहीत. मी धावले. दुपारच्या आत उजव्या सँडलचा पट्टा तुटला आणि ती सँडल हातात धरून, एका पायानं लंगडत मी माझ्या हद्दीतल्या पहिल्या वाडीत शिरले. नोकरीतली माझी पहिली मिरवणूक अशी निघाली.

बाहत्तरच्या दुष्काळाचं साल होतं. केंद्र भूम तालुक्यात, ईटच्या पलीकडं, डोंगराच्या उताराला. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांच्यापैकी बरीच चांगली आहेत. एसटी ईटपर्यंत यायची, पुढं ज्याचे त्याचे पाय. वाटेला बाभळी, कुसळं आणि चालताना पायाखालून सटकणारा मुरूम. आसपासच्या वाड्यावस्त्या आम्हा दोघींच्या वाट्याला आल्या होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त बाईंनीच ओढून घेतल्या होत्या हे मला नंतर कळलं.

यमुनाबाई सोनवणे अंगानं काटक, उंचीनं बेताच्या. नवरा ऐन उमेदीत गेलेला, मूलबाळ नाही. पांढरी साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि खाली पुरुषाचे तपकिरी चामडी बूट, घोट्यापर्यंत चढलेले, नाडीची गाठ अशी घट्ट की दातानं सोडवावी. पहिल्यांदा बघणारा हसायचाच. बाई त्याला पोटभर हसू द्यायच्या आणि मग त्याच्याच चपलेचा काय दोष आहे ते सांगून पुढं जायच्या. सोनवणे सिस्टर हे नाव कागदावर राहिलं. गावागावांत त्या 'बुटाच्या बाई'. टाचांना लोखंडी नाल ठोकलेले, त्यामुळं खडकावर खट खट आवाज यायचा. तो आवाज वाडीच्या तोंडाशी आला की अडलेल्या बाईची अर्धी कळ ओसरते असं बायका सांगायच्या. कळ ओसरायची की नाही मला ठाऊक नाही, पण सासवा चुलीवर पाणी ठेवायच्या हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांच्या पायाला भिंगरी होती. अहवाल लिहायचा तर खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानं. भाकरी खायची तर तळहातावर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत. दूध संघाची गाडी सकाळी आमच्या रस्त्यानं जायची आणि ड्रायव्हर भला माणूस होता, पण तिची वाट बघत थांबणं बाईंना जमायचं नाही. आम्ही चालायला लागायचो, मागून गाडी यायची, तोवर बाई कुठल्यातरी पांदीत शिरलेल्या असायच्या आणि मी गाडीकडे आशेनं बघत त्यांच्यामागं. त्यांच्याबरोबर राहून मलाही ती कीड लागली. सुट्टीला घरी गेले तर आई म्हणायची, "अगं, टेक की जरा. मुंग्या लागल्यात का?"

"बाई, जरा बसा की," मी दिवसातून कितीदा तरी म्हणायची.

"बसलं की पाय सुजत्यात," असं एक उत्तर होतं. "बसून कुणाचं भलं झालंय?" हे दुसरं. दोन्ही उत्तरं मला खोटी वाटायची आणि ती खोटीच होती.

फक्त एका कामाला बाई मांडी घालायच्या. रविवारी सकाळी क्वार्टरच्या सावलीत गोणपाट टाकायचं, त्यावर बूट, फडकं, जुना दात घासायचा ब्रश आणि एक बाटली. आधी नाड्या काढायच्या. मग ओलसर फडक्यानं धूळ टिपायची. घासायची नाही, टिपायची. शिवणीतली माती ब्रशानं. मग बाटलीतलं एरंडेल, त्यात मेण वितळवून घातलेलं, दोन बोटांवर घ्यायचं आणि चामड्यात जिरवायचं. तेल जास्त झालं की चामडं फुगतं, कमी झालं की तडकतं, आणि किती ते बोटाला कळतं, असं त्या म्हणायच्या. माझ्या बोटाला ते कळायला केंद्रावरच्या डॉक्टरांचे दोन जुने बूट वाया गेले. भिजलेला बूट चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलेला दिसला तर त्या ठेवणाऱ्याला पोराला चटका दिल्यासारखं बोलायच्या. जुना पेपर चुरगळून आत कोंबायचा आणि सावलीत सुकू द्यायचं, हा कायदा. एरंडेलावरून डॉक्टर त्यांना चिडवायचे, "सिस्टर, बाळंतिणींना कमी आणि बुटांना जास्त पाजता तुम्ही." सरकारी एरंडेलाच्या थेंबालाही त्या शिवत नसत. पण डॉक्टरांना उत्तर द्यायला त्या थांबायच्या कुठं!

बुटांचं कारण मला अशाच एका रविवारी कळलं. मी विचारलं नव्हतं. त्या ब्रश चालवता चालवता आपणच बोलायला लागल्या.

"नवी व्हते मी. तुझ्यासारख्याच स्वस्तातल्या चपला. बाभळीचा काटा तळव्यातून आरपार. पाय ह्यो एवढा सुजला. खाटेवर पडले. आन् तवाच माळावरल्या वस्तीवर एक पोरगी अडली. तिचा बा बैलगाडी घिऊन आला व्हता न्यायला. गाडी माळावर चढना, म्हून निम्म्यातून माघारी. चालत गेले असते तर पोचले असते." त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. "दोघंबी गेली. पोरगीबी आन् पोटातलंबी. काट्यानं न्हाय मारलं त्यास्नी. माझ्या चपलंनं मारलं."

त्यांनी दुसरा बूट उचलला आणि पुन्हा काम सुरू केलं.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्याआधी बाईंनी बुटांचा दुसरा जोड घ्यायचं ठरवलं. एका जोडानं रोज चालू नये, चामड्याला एक दिवस विसावा लागतो, घाम आतून सुकावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. स्वतःला कधी विसावा न देणारी बाई चामड्याच्या विसाव्यासाठी पगार साठवत होती. आम्ही दोघी धाराशिवला गेलो. कागदावर तेव्हा उस्मानाबाद, पण तोंडात धाराशिवच. दिवसभर बाजारातून मला फिरवलं आणि दुकानात शिरायला मुद्दाम संध्याकाळ केली. पाय संध्याकाळी मोठा होतो, सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो, हे त्यांचं शास्त्र होतं. पिशवीतून जाड मोजे काढून दाराबाहेरच पायात चढवले.

दुकानदार पिकल्या दाढीचे चाचा होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं.

"किसकू होना बाई? साहब कू?"

"सायब न्हाईत. मला."

चाचांनी चमचमीत नवा जोड पुढं ठेवला. बाईंनी तो नाकाशी नेला. मग अंगठ्यानं दाबला, दुमडला, आणि दुमडीवर कशा सुरकुत्या पडतात ते बघितलं. आतला तळ नखानं जरा उचकटून खाली चामडं आहे की पुठ्ठा तेही पाहिलं. चाचांच्या तोंडावर आठ्या पडल्या.

"ह्ये औंदाच्या ढोराचं हाय," बाई म्हणाल्या. "उपाशी मेलेलं. ह्या कातड्यात दम न्हाय, चाचा. दुष्काळाआधीचं दावा."

स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा धुळीनं माखलेला खोका चाचांनी खाली काढला. जोड भक्कम होता, पण डाव्या बुटावर आडवा वळ उठलेला. "दागी माल हय. कोई लेता नहीं," ते म्हणाले.

बाईंनी वळावरून अंगठा फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला. "काट्याचा वळ हाय. जित्या जनावराला लागलेला आन् भरून आलेला. भरल्याली जखम फाटत न्हाय." मग बूट माझ्या हातात दिला. "शिंप्याची लेक ना तू? टाका बघ."

मी शिवण पाहिली. मेण लावलेला दुहेरी दोरा, तळ शिवलेला, नुसता चिकटवलेला नाही. टाका एकसारखा होता. तसं मी सांगितलं. चाचांनी वळाच्या नावानं भाव पाडून दिला, आणि निघताना बाईंनी त्यांना त्यांच्याच पायातल्या चपलेची टाच बदलायला सांगितली. चाचा हसले. त्यांनी नंतर ती बदललीही असेल.

मुक्कामाला आम्ही बाईंच्या धाकट्या भावाकडे गेलो. तो कचेरीत कारकून होता. तक्क्याला टेकून रेडिओ ऐकणारा शांत माणूस. पण बाई नवा जोड मांडीवर घेऊन तेल जिरवायला बसल्या तसा त्यानं रेडिओ बंद केला.

"अक्का, एक बोलू?" तो म्हणाला. "आज्ज्यानं जन्मभर गावाची मेलेली ढोरं ओढली. आपण दीक्षा घेतली आणि बानं ते सगळं एका दिवसात टाकलं. पोटाला नव्हतं तरी टाकलं. आणि तू मांडीवर चामडं घेऊन बसलीस. मला बघवत नाही."

बाईंचा हात थांबला नाही. "बानं काय टाकलं? दुसऱ्याच्या जोड्याला हात लावायचं टाकलं. ह्ये माझं हायत." त्यांनी बूट उलटा करून टाचेवरच्या जागेला बोट लावलं. "आज्जा गावातून जाताना पायताण काखंत मारून जायाचा. म्या पायात घालून जाते. वाजवत जाते. हितं नाल ठोकून घेणार हाय उद्या."

भावानं उठून आपले कचेरीचे बूट आणले आणि अक्कासमोर ठेवले.

"तुझे तू पूस," बाई म्हणाल्या. तेव्हा मात्र तो हसला.

वाजवत जाणाऱ्या या बुटांनी एकदा भलताच गोंधळ घातला. दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक बाई पोटात दुखतं म्हणून घरी गेली होती. तिचा नवरा मागून दुपारी आला, तर दार लोटलेलं आणि उंबऱ्याबाहेर पुरुषाचे चकचकीत बूट. त्यानं पुढचा मागचा विचार केला नाही. कुडातली काठी उपसली आणि दारावर लाथ घातली. आत आम्ही दोघी बाळंतपणाच्या ऐन घाईत. बाईंनी मान वर करून त्याच्याकडे, त्याच्या काठीकडे पाहिलं.

"आलास व्हय? बरं झालं. ती काठी मोड, चुलीत घाल आन् पाणी तापव."

त्यानं काठी मोडली, चुलीत घातली आणि फुंकत बसला. ही गोष्ट पुढं दहा गावांत गेली, आणि प्रत्येक गावात काठी लांब होत गेली.

पण हसण्याची गोष्ट इथंच संपते. बाईंचे बूट उंबऱ्याबाहेर राहायचे ते आपल्याकडे सगळ्यांचेच राहतात. बाई मात्र आत गेल्या तरी बाहेरच्याच राहायच्या. बाळंतिणीच्या खोलीत त्यांचे हात सगळ्यांना हवे असायचे. नाळ कापली, बाळ रडलं, की घरातल्या माणसांच्या नजरा बदलायच्या. मला ओसरीवर पाट मिळायचा, चहा मिळायचा. बाईंचा चहा बाहेरच्या कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात, वरून ओतलेला. आम्ही चार पावलं गेलो की मागं पाणी शिंपडल्याचा आवाज यायचा. बाई तो ऐकू येऊ नये इतक्या भरभर चालायच्या. मला पाटावर बसवत नसे, आणि मी उभी राहिले तर बाई ओरडायच्या, "तू बस. तुझे पाय कच्चे हायत."

एकदा कडक उन्हात लिंबाखाली मी हट्टच धरला. आता बसा, नाहीतर मी पुढं येत नाही. बाई खोडाला हात टेकून उभ्याच राहिल्या.

"बसायला कुणी बस म्हणावं लागतं, कुसुम," त्या म्हणाल्या. "कुणी म्हनलं न्हाय, तर त्यांनी 'जा' म्हणायच्या आधी आपणच निघालेलं बरं. आता सवय लागली. जिथं बस म्हणतेत तिथंबी बसवत न्हाय."

इतके दिवस जिला मी भिंगरी समजत होते ती ही होती. मला फार राग आला. कुणाचा ते नेमकं कळेना, म्हणून मी दिवसभर वाटेतल्या दगडांना लाथा मारत चालले.

आमच्या हद्दीत सोसायटीच्या चेअरमनचं घर होतं. दुष्काळात गावाला वाटायची मिलो, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, त्यांच्या हातून जायची, त्यामुळं त्या घराचा दरारा. चेअरमनची आई सगळ्या गावाची थोरली आई. सोवळ्याओवळ्याची कडक, बोलणं तोडून. धाकट्या सुनेच्या बाळंतपणाला आम्ही तिथं गेलो होतो तेव्हा गड्यानं बाईंचे बूट काठीनं ढकलत उकिरड्यापर्यंत नेले होते. कुणाच्या सांगण्यावरून ते कुणी विचारलं नाही. बाईंनी ते उचलले, झटकले आणि वाटेला लागल्या. त्या रविवारी त्यांनी ते बूट इतके घासले की मला बघवेना.

थोरल्या सुनेचं बाळंतपण वैशाखातलं. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. दूध संघाची गाडी निघून गेलेली, ईटला न्यायला दुसरं वाहन नाही, आणि मूल पायाळू. आधी पाय आले. बाईंच्या कपाळावर घाम पाहिलेला मला तेवढा एकच दिवस आठवतो. खोलीत अंधार म्हणून थोरली आई कंदील धरून उभी होती. मूल बाहेर आलं ते निळसर. रडेना. बाईंनी त्याचं तोंड पुसलं आणि त्याच्या तोंडावर तोंड ठेवून हळूहळू फुंकर घातली. थांबून पुन्हा घातली. थोरली आई हे सगळं हातभर अंतरावरून बघत होती. मग मूल रडलं. मुलगी होती.

"पायानं आली बया," बाई म्हणाल्या. "माझ्यासारखीच घाईची."

सगळं आवरलं. बाईंनी हात धुतले, पिशवी खांद्याला अडकवली, आणि नेहमीसारख्या कुणी काही बोलायच्या आत बाहेर पडल्या. उंबऱ्याबाहेर बूट नव्हते.

बाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. जोत्याखाली वाकून बघितलं. मग त्या सरळ उकिरड्यापर्यंत अनवाणी गेल्या आणि परत आल्या. वैशाखातली जमीन, तव्यासारखी तापलेली. मी गड्याला हाक मारली. तो शपथा घ्यायला लागला. चेअरमन बाहेर आले आणि गड्यावर खेकसले. मग अवघडून म्हणाले, "सिस्टर, उद्याच माणूस धाराशिवला धाडतो. नवा जोड घेऊन देतो, तुम्ही म्हणाल तसला."

"मला नवा नको," बाई म्हणाल्या. "माझाच पायजे. आत तुमचं लेकरू जगवत व्हते म्या, आन् भाईर..." मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्या रडल्या नाहीत. पायरी उतरल्या आणि अनवाणीच वाटेला लागल्या. तसल्या वाटेवर, तसल्या उन्हात.

"ए बाय. थांब."

थोरली आई दारात उभी होती. पदर सावरलेला, तोंड नेहमीसारखंच कडक.

"जोडा म्या ठिवलाय. जेवल्याबिगर मिळायचा न्हाय."

आमच्याकडं पाहुणा घाईनं निघाला की घरातली म्हातारी नाहीतर पोरीबाळी त्याचं पायताण लपवतात. तो जेवला की काढून देतात. पाहुण्यानं रागवायचं असतं आणि घरच्यांनी ऐकायचं नसतं. जावयाचं लपवतात, व्याह्याचं, मामाचं लपवतात. सोनवणे बाईंचं कुणी कधी लपवलं नव्हतं. लपवायचं तर हातात धरावं लागतं. म्हातारीनं काय केलंय ते अंगणातल्या सगळ्यांना कळलं. बाईंना मात्र सगळ्यांच्या नंतर कळलं. हा मान आपल्याला असू शकतो हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना वाटलं होतं, फेकले.

"बस की," थोरली आई म्हणाली. "का हात धरून बशिवू?"

ओसरीवर दोन पाट मांडले. बाई बसल्या, पण पायांचं काय करावं त्यांना कळेना. मांडी घातली, सोडली, गुडघे उभे केले, परत मांडी घातली. ताटात लाल मिलोची भाकरी, चटणी आणि पातळ ताक. त्या साली चेअरमनच्या घरीही दुसरं काही नव्हतं. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणून सगळा गाव कुरकुरायचा. बाई ती सावकाश खात होत्या. एवढ्या सावकाश खाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मध्ये एकदा त्यांनी ताटावर हात आडवा धरला तर थोरल्या आईनं त्या हाताला बाजूला सारून अर्धी भाकरी वाढली.

जेवण झाल्यावर म्हातारी आत गेली. माजघरात ज्वारीची कणगी होती. तिच्यात वाकून तिनं दोन्ही बूट बाहेर काढले आणि छातीशी धरून आणले.

"आई, कणगीत?" चेअरमन पुटपुटले. धान्याच्या कणगीला पाय लागला तरी नमस्कार करणारं ते घर.

"रिकामीच हाय की तिच्यायला," म्हातारी म्हणाली. "दुसरीकडं कुत्रं नेलं असतं."

बाईंनी बूट दोन्ही हातांनी घेतले. आभार वगैरे कुणी कुणाचे मानले नाहीत.

आम्ही वाडी मागं टाकली. त्या दिवशी पाणी शिंपडल्याचा आवाज आला नाही, मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. बऱ्याच वेळानं बाईंच्या उजव्या पायाला काही टोचायला लागलं. त्या लिंबाखाली थांबल्या आणि चक्क बसल्या. बूट उलटा केला तर ज्वारीचा एक दाणा हातावर पडला. कणगीच्या फटीत राहिलेला असणार. बाईंनी तो पदराला पुसला आणि तोंडात टाकला.

"बाई, बुटातला?"

"धान्य हाय," त्या चावत म्हणाल्या. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "कणगीत ठिवले व्हते, कुसुम. माझे बूट कणगीत."

एका जेवणानं मुलूख बदलला असं मी सांगणार नाही. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या वाडीत तोच कान तुटलेला कप कोनाड्यात होता. थोरल्या आईनंही गावाला काही उपदेश केला नाही. पण त्या घरावरून जाताना बाईंची चाल मंदावायची, आणि नाल जरा जास्त वाजायचे.

पुढं माझी बदली जिल्ह्यातल्याच वाशीला झाली. बाई निवृत्त होऊन धाराशिवला भावाच्या घरामागच्या खोलीत राहायला गेल्या. ऐंशी साल मागं पडून काही वर्षं झाली होती तेव्हा मी कामानिमित्त जिल्ह्याला गेले आणि संध्याकाळच्या गाडीआधी त्यांच्याकडं डोकावले. बाई दाराशी खाटेवर बसलेल्या. दोन्ही गुडघे गेले होते. खाटेवरून दारापर्यंत यायचं तर काठी आणि भिंत दोन्ही लागायच्या. दाराशी दोन्ही जोड ओळीनं, तेल प्यालेले, डाव्यावर तो जुना वळ.

"आता कुठं जाता?" मी विचारलं.

"कुठंच न्हाय."

"मग तेल कशाला लावता?"

"कुणी बोलवायला आलं तर? सुकलेला बूट लगीच पायात जात न्हाय." मग माझ्या पायांकडं बघून म्हणाल्या, "चामड्याच्या घेतल्यास. बरं केलंस. पण उपाशी ठिवल्यास."

मी हसले, सँडल दाराशी काढल्या, घटकाभर बोलले. गाडीची वेळ होत आली. पुढच्या घरात जाऊन त्यांच्या भावाला आणि भावजयीला भेटून परत आले तर दारातून सँडल गायब. मी ओळीत बघितलं, पायरीखाली बघितलं. गाडी चुकली तर मुक्काम पडणार होता आणि सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. बाई खाटेवर, काठी मांडीवर, चेहरा अगदी निर्विकार. फक्त धाप लागली होती.

"बाई, कुठं ठेवल्या?"

"जेवून जा. वाटाणे घातलेत आमटीला."

"बाई, गाडी जाईल."

"जाऊ दे की."

मी खोलीभर पाहिलं. कोपऱ्यातला ज्वारीचा पत्र्याचा डबा खाटेजवळ सरकलेला होता. मी झाकण उघडलं. आत माझ्या सँडल. डब्यातली सगळी ज्वारी जुन्या लुगड्यावर खाली ओतलेली होती.

"भरलेला होता की हा," मी म्हणाले.

"व्हय. रिकामा केला."

त्यांनी हात पुढं केला. मी सँडल दिल्या. त्या मांडीवर घेऊन त्यांनी उशीखालची बाटली काढली.

"दुसऱ्याच्या जोड्याला हात लावायचा नाही म्हणत होतात ना?"

"तू दुसरी हायस व्हय?" बाई म्हणाल्या आणि बोटांवर तेल घेतलं.

मी पिशवी खाली ठेवली. ज्वारीच्या ढिगाशेजारी बसले, आणि हात लांब करून तो वळाचा जोड माझ्या मांडीवर ओढून घेतला. वाशीची गाडी गेली असावी.